पंचेचाळीस आले, अकरा उरले

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या बाई ४१ वर्षांच्या. काही वर्षं हायस्कूलमध्ये तात्पुरत्या शिक्षिका होत्या, आता घरीच असतात. मराठी आणि कन्नड दोन्ही उत्तम येतं, म्हणून मे महिन्याच्या मध्यावर त्यांनी यूट्यूबवर 'मराठीतून कन्नड' असा मोफत लाइव्ह क्लास सुरू केला. सोमवार ते शुक्रवार, रात्री ८ ते ९. पहिल्या आठवड्यात ४५ जण येत होते: चंदगड-कोल्हापूरकडून लग्न होऊन आलेल्या सुना, अंगणवाडीतल्या दोघी, बेळगावात दुकानांत कामाला जाणारी मुलं, नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारे, एक निवृत्त पोस्टमन. सातव्या आठवड्यात ११ उरले. घरातून सल्ले येताहेत. मिस्टर म्हणतात, रेकॉर्डिंग ठेवायचं बंद कर, मग येतील बरोबर. भाचा म्हणतो, चांगला कॅमेरा आणि रिंग लाइट हप्त्यावर घे. दीर म्हणतात, मराठी माणसाला कन्नड शिकवायचा उद्योग सांगितलाय कुणी? बाईंचा स्वतःचा निष्कर्ष असा: 'लोकांना फुकटची किंमत नसते आणि चिकाटी तर नाहीच. मी एक दिवसही क्लास चुकवला नाही. बंद करू का?'

ताई,

एक दिवसही चुकवला नाहीत, याबद्दल आधी नमस्कार घ्या. पावसाळ्यात खानापूरकडे रोज रात्री ८ वाजता नेट चालू ठेवणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. पण पत्र दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा एक गंमत दिसली. पहिल्या आठवड्यातले ४५ जण तुमच्या पत्रात माणसं म्हणून आलेत. सुना आहेत, अंगणवाडीतल्या दोघी आहेत, पोस्टमन आहेत. सातव्या आठवड्यातले ११ मात्र नुसता आकडा आहे. त्यात कोण आहे, एका शब्दानं नाही. हा दोष तुमचा नाही. यूट्यूब लाइव्ह शिकवणारीला दाखवतं तेच मुळी 'किती जण बघताहेत' एवढं. वर्गात बाक रिकामा दिसला की तो कुणाचा ते कळतं. इथे ४५ चे ४४ होतात आणि गेलं कोण हे कळत नाही. म्हणून मग 'लोकांना चिकाटी नाही' असं सगळ्यांना मिळून एकच कारण सुचतं.

त्या चिकाटीबद्दल थोडं भांडते. मेच्या मध्यापासून सात आठवडे म्हणजे जुलैचा पहिला आठवडा. त्यात काय काय झालं बघा. शाळा उघडल्या, घरात दोन पोरं असलेल्या बाईचं वेळापत्रक त्या दिवशी पार बदलतं. मृग लागला. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाची झड बसली की लाईट जाते, आणि लाईट बराच वेळ गेली की पाठोपाठ रेंजही जाते. मग भातलावणी आली. दिवसभर चिखलात वाकलेली बाई रात्री ८ ला भाकऱ्या थापते आहे आणि तुम्ही तिला विभक्ती प्रत्यय सांगताय. शिवाय फोन घरात बहुतेक एकच धड असतो, तो नवऱ्याबरोबर संध्याकाळी घरी येतो आणि येतो तो रोजचा दीड जीबी संपवून. उरला असेल तर पोरानं रील्समध्ये घालवलेला असतो. यातली एकही गोष्ट चिकाटीची नाही, वेळेची आहे. मे महिन्यात तुम्हाला जी वेळ सोयीची वाटली तीच जूनमध्ये सगळ्यांना अडचणीची झाली.

आता दुसरं गृहीतक: उरलेले ते पास, गेलेले ते नापास. हे तरी कशावरून? तुमच्याकडे आलेल्या एखाद्या सुनेला समजा एवढंच हवं होतं की बसची पाटी वाचता यावी, भाजीवालीला 'एष्टु', म्हणजे किती, असं विचारता यावं आणि नको असेल तेव्हा 'बेड' म्हणता यावं. ते तिला तीन आठवड्यांत आलं. ती गेली. ती बाई तुमच्या हिशेबात गळालेली आहे, तिच्या हिशेबात तिचं काम झालेलं आहे. तुमच्या क्लासला शेवटची तारीखच नव्हती ना! 'येईपर्यंत शिकवेन' हे बोलणं प्रेमाचं आहे, पण ज्याला शेवट नाही तिथून माणूस कधीही उठला तरी पळाल्यासारखाच दिसतो.

लोक एखादी ऑनलाइन गोष्ट पुढे चालू का ठेवतात, यावर अनोल भट्टाचार्जी या संशोधकाचं २००१ सालचं काम नेहमी दाखल्यासाठी घेतलं जातं. त्यांनी क्लासचा नाही, ऑनलाइन बँकिंग वापरणाऱ्यांचा अभ्यास केला होता. पुढे अनेकांनी तोच सांगाडा ऑनलाइन शिक्षणाला लावला. सांगणं साधं आहे. पहिल्यांदा येणं आणि येत राहणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. माणूस येतो तो काहीतरी अपेक्षा घेऊन. वापरून झाल्यावर तो मनात ताडून बघतो: जे मिळेल म्हणून आलो ते मिळालं का, त्याचा मला उपयोग होतोय का? जुळलं तर समाधान, समाधान असलं तर पुढचा दिवस. म्हणजे ४५ जण का आले याचं उत्तर तुमच्या जाहिरातीत आहे, पण ३४ जण का थांबले नाहीत याचं उत्तर त्यांच्या मनातल्या त्या ताडून बघण्यात आहे. आणि ते तुम्ही अजून विचारलेलं नाही.

इथे माझीच एक फजिती सांगते. तीन वर्षांपूर्वी मी मोडी लिपीचा ऑनलाइन क्लास लावला होता, चांगली फी भरून. सासऱ्यांच्या ट्रंकेत जुन्या कागदांचं एक बाड आहे, ते वाचायचं होतं, एवढीच हौस. सर विद्वान, अक्षर मोत्यासारखं. तीन आठवडे आम्ही मुळाक्षरं गिरवली. माझ्या कागदावर काय लिहिलंय हे विचारायला जागाच नव्हती. चॅटमध्ये लिहिलं की 'शेवटी घेऊ' असं उत्तर यायचं. मग एका लग्नासाठी हुक्केरीला गेले, दोन दिवस बुडाले. तिसऱ्या दिवशी लिंक उघडायला हात होईना. दोन दिवसांचं राहिलंय, आता काय समजणार, अशी एक विचित्र लाज. चौथ्या दिवशी ती लाज दुप्पट झाली. कुणी विचारलंही नाही की बाई कुठे गेल्या. ट्रंक आहे तिथेच आहे. त्या सरांनी मलाही 'चिकाटी नाही' या खात्यात टाकलं असेल, आणि फी भरूनही मी गेले, तेव्हा तुमचं ते 'फुकटची किंमत नसते' हेही पुरतं खरं नाही.

मला त्यातून कळलं ते असं: लाइव्ह क्लासमध्ये शिकणाऱ्याचं स्वतःचं काहीतरी आत यायला पाहिजे. त्याचा कागद, त्याचा आवाज, त्याचं चुकलेलं वाक्य. ते येत नसेल तर तो क्लास लाइव्ह असून नसल्यासारखा. मग माणूस म्हणतो, रेकॉर्डिंग बघू सवडीनं. आणि ती सवड कुणाला कधी मिळालेली नाही.

तुमच्या विषयात तर याची मजाच आहे. तुम्हाला सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. कन्नडमध्ये 'ए' दोन आहेत, एक आखूड, एक लांब. आपण मराठीत दोन्ही सारखेच लिहितो आणि कानालाही फरक चटकन जाणवत नाही. 'बेळे' मधला पहिला 'ए' आखूड म्हटला तर पीक, लांब म्हटला तर डाळ. शेतात डाळ उभी आहे असं सांगून येणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत. आता ही चूक कोणतं रेकॉर्डिंग दुरुस्त करणार? व्हिडिओ बोलतो, त्याला ऐकू येत नाही. समोर ऐकणारी तुम्ही असाल आणि म्हणाल, 'वहिनी, डाळ झाली, परत म्हणा,' बाकीचे हसतील, आणि ती वहिनी ते जन्मात विसरणार नाही. लाइव्हची किंमत या एका मिनिटात आहे. उरलेली ५९ मिनिटं तुम्ही एकट्याच बोलत असाल, तर मिस्टरांचं रेकॉर्डिंगबद्दलचं निदान बरोबर आहे, औषध मात्र उलटं.

तेव्हा त्या औषधाबद्दल. रेकॉर्डिंग बंद करू नका. ते नसतं तर जे बुडवतात ते धावत येतील असं वाटतं, पण माझ्यासारखी दोन दिवस चुकलेली बाई त्यामुळे कायमची जाते. रेकॉर्डिंग ही परत यायची पायवाट आहे. फक्त तासाभराचं अख्खं टाकू नका. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरच्या व्हिडिओंचा मोठा अभ्यास झाला होता. त्यात दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक वेळ (निम्मे लोक त्याहून कमीच बघतात तो) ६ मिनिटांपलीकडे जात नाही. म्हणजे त्या दिवसाचं सार ५ मिनिटांत परत बोला आणि ग्रुपवर टाका. ज्याचं बुडालं तो भाकरी होईतो ऐकेल आणि उद्या तोंड वर करून येईल.

त्याच अभ्यासात भाच्यासाठीही एक गोष्ट आहे: महागड्या स्टुडिओत केलेल्या व्हिडिओंपेक्षा समोर बसून बोलल्यासारखे साधे व्हिडिओ लोकांना जास्त धरून ठेवू शकतात असं त्यांना आढळलं. रिंग लाइट राहू द्या. पैसे घालायचेच तर कानाच्या वायरला लागलेल्या बऱ्या माइकवर घाला. चित्र अंधूक चालतं, आवाज तुटला की माणूस उठतो.

मी तुमच्या जागी असते तर पहिलं काम क्लास बंद करायचं नाही, पंधरा दिवस थांबवायचं केलं असतं. लावणी चालू आहे, तेवढी सबब पुरेशी आहे. आणि त्या पंधरा दिवसांत फोन. ३४ जणांना नाही जमणार, दहा जणांना करा. 'का येत नाही?' असं विचारू नका. त्याचं उत्तर 'जरा कामात होते हो बाई' एवढंच येतं. विचारायचं असं: शेवटच्या दिवशी आलात तेव्हा काय चाललं होतं? आणि पहिल्या दिवशी काय शिकायचं मनात धरून आला होतात? या दुसऱ्या प्रश्नावर लोक खरं बोलतात. ११ मधल्या तिघाचौघांनाही करा, कारण राहणाऱ्यांची कारणं आपण कधीच विचारत नाही. कदाचित दोघी बहिणी असतील आणि एका फोनवर दोघी बसत असतील. तसं असेल तर तुमचे ११ हे मुळात ११ नाहीतच.

मला वाटतं फोन संपेपर्यंत तुमच्या लक्षात येईल की तुमच्याकडे एक वर्ग नव्हता, तीन होते. बाजारात बोलायचंय ते, कागद वाचायचाय ते, आणि परीक्षा द्यायची आहे ते. 'आहे' म्हणायला परीक्षावाल्याला 'इदे' हवं, पुस्तकातलं. दुकानातल्या पोराला त्याच अर्थाचं 'ऐति' हवं, कारण आपल्याकडचं गिऱ्हाईक 'ऐति'च म्हणतं आणि वाक्याच्या शेपटाला 'री' लावतं. पोरानं क्लासमध्ये 'इदे' पाठ केलं, दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर 'ऐति' ऐकलं, म्हणजे अपेक्षा तिथेच मोडली. तुमचं शिकवणं चुकलं नव्हतं, त्याचं काम वेगळं होतं. परीक्षेची मंडळी वेगळी काढा, त्यांना लिहायचा सराव लागतो आणि त्यांचं नातं तारखेशी असतं. पहिल्या दोन गटांना एकत्र ठेवलंत तरी चालेल.

कागदवाल्यांसाठी एक सुचवते. शेताचा उतारा. घराघरात आहे, कन्नडमध्ये आहे, आणि वाचून घ्यायला दुसऱ्याचे पाय धरावे लागतात. प्रत्येकानं आपापला उतारा समोर घेऊन बसायचं. हेसरु कुठे आहे? म्हणजे नाव. बेळे कुठे आहे? इथे पीक, डाळ नव्हे. 'विस्तीर्ण' हा शब्द दिसला म्हणून शेत अफाट आहे असं समजू नका. कन्नडमध्ये तो क्षेत्रफळ सांगतो, मग ते दहा गुंठे का असेना. (ग्रुपवर उताऱ्याचा फोटो टाकायला मात्र सांगू नका. प्रत्येकानं आपला आपल्या हातात ठेवायचा, आणि शब्द तेवढे तोंडानं बोलायचे. भाऊबंदकीला नवं सरपण नको.) ज्या दिवशी एखाद्या बाईला वडिलांचं नाव त्या कागदावर स्वतःच्या डोळ्यांनी सापडेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती येते की नाही, बघाच.

यूट्यूब लाइव्हची एक अडचण तुम्ही पत्रात लिहिली नाहीत, पण ती असणारच. तुम्ही प्रश्न विचारता, तो त्यांच्यापर्यंत काही सेकंदांनी पोचतो, कधी अर्ध्या मिनिटानं. ते उत्तर टाइप करतात तोवर तुम्ही पुढच्या मुद्द्यावर गेलेल्या असता. दोन-तीनदा असं झालं की लोक उत्तर देणं सोडतात, आणि उत्तर देणं सोडलं की येणंही. हा उशीर कमी करायची सोय सेटिंगमध्ये आहे, पण कच्च्या नेटवर मग चित्र जास्त अडकतं. पंधरा-वीस माणसांसाठी झूम किंवा मीट बरं, तिथे ते बोलू शकतात. झूमची फुकट बैठक ४० मिनिटांत बंद पडते, पडू दे. ती वेळेची शिस्त तुम्हाला फुकटात मिळतेय. कॅमेरा चालू करायचा हट्ट कुणाला धरू नका. स्वयंपाकघर दाखवायची बाईला लाज वाटते. शिवाय स्वतःचाच चेहरा सतत समोर बघत बसल्यानं माणूस दमतो, हे स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची जी कारणं मांडली त्यातलं एक आहे. आवाज पुरे.

मग नवा क्लास असा काहीसा: आठवड्यात तीन दिवस, ४० मिनिटं, चार आठवडे, आणि शेवटचा दिवस आधीच ठरलेला. वेळ तुम्ही ठरवू नका, त्यांनाच ठरवू द्या. दुपारी तीनची निघाली तर नवल वाटून घेऊ नका. मंगाईच्या यात्रेच्या दिवशी ठेवू नका. एका तुकडीत पंधरापेक्षा जास्त नकोत, कारण पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला प्रत्येकाचं नाव घ्यायचं आहे आणि प्रत्येकाच्या तोंडून एक वाक्य काढायचं आहे. काल सांगितलेलं काम काय झालं, एवढंच. काम म्हणजे वही नव्हे. 'उद्या बाजारात काहीतरी एष्टु विचारून या आणि समोरचा काय म्हणाला ते सांगा.' जो आला नाही त्याला रात्री वीस सेकंदांचा आवाजी निरोप: आज हे झालं, तुमची आठवण काढली, परवा या. त्यात टोमणा नको. 'आजकाल दर्शन नाही' हा टोमणाच असतो, आपल्याला तो प्रेमाचा वाटला तरी. आणि एकाच गल्लीतल्या, एकाच वाडीतल्या दोघांची जोडी लावून द्या. एकीची रेंज गेली तर दुसरीच्या अंगणात जाऊन बसेल.

फी घ्यायची की नाही? घ्यायची तर तुमच्या कष्टाचे म्हणून घ्या, थोडी घ्या. लोकांना बांधून ठेवायला दोर म्हणून नको. तो दोर तीन आठवडे टिकतो, हे मी अनुभवानं सांगते.

या उत्तराचा उपयोग शिकणाऱ्यांनाही व्हावा म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. कुठलाही लाइव्ह क्लास लावलात आणि सुटला, तर आधी स्वतःला शिव्या देऊ नका. आपण कशासाठी गेलो होतो ते एका वाक्यात लिहा आणि शिकवणाऱ्याला पाठवा. त्यांना कळू द्या की तुम्हाला बाराखडी नकोय, ट्रंकेतला कागद हवाय. आणि दोन दिवस चुकलात तर तिसऱ्या दिवशी न समजताच बसा. मी बसले नाही.

राहता राहिले तुमचे दीर. त्यांच्याशी वाद घालू नका. सीमाप्रश्न त्यांना जेवढा जिव्हाळ्याचा आहे तेवढाच तुम्हालाही असेल, आणि मलाही आहे. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो लागेल तेव्हा लागेल. तोवर उतारा कन्नडमध्येच येतो आणि तो वाचता न येणारा माणूस जास्त मराठी ठरत नाही. एवढं बोलूनही पटलं नाही तर त्यांचा स्वतःचा उतारा पुढ्यात ठेवा आणि बेळेच्या रकान्यात काय लिहिलंय ते विचारा.

आणि ते निवृत्त पोस्टमन. ११ मध्ये नसतील तर पहिला फोन त्यांना करा. असतील, तर नव्या तुकडीत हजेरी घ्यायचं काम त्यांच्याकडे द्या. जन्मभर दारोदार नावं पुकारत फिरलेला माणूस आहे. कोण घरी नव्हतं ते त्यांना बरोबर आठवतं.